व्हर्जिनियाचा पाचवा मतदारसंघ, 1789 : मॅडिसन विरुद्ध मन्रो

अमेरिकेच्या राज्यघटनेला हक्कांची सनद (नागरिकांच्या मूलभूत हक्कांची हमी देणाऱ्या पहिल्या दहा दुरुस्त्या) कशी जोडली गेली, हे सांगताना बहुधा फिलाडेल्फियाची घटनापरिषद आणि न्यूयॉर्कमध्ये भरलेली पहिली काँग्रेस (केंद्रीय कायदेमंडळ) यांचाच उल्लेख होतो. या दोन्हींच्या मध्ये एक निवडणूक झाली होती. 2 फेब्रुवारी 1789 रोजी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहासाठी, म्हणजे कनिष्ठ सभागृहासाठी, व्हर्जिनिया राज्यातील आठ काउंट्यांच्या (जिल्ह्यांसारख्या विभागांच्या) एका मतदारसंघात जेम्स मॅडिसन आणि जेम्स मन्रो हे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले दोघे एकमेकांविरुद्ध उभे होते. मॅडिसन यांना 1,308 आणि मन्रो यांना 972 मते पडली, म्हणजे दोघांची मिळून 2,280. या मतदारसंघाच्या सीमा मॅडिसन यांच्या विरोधकांच्या हाती असलेल्या विधिमंडळाने आखल्या होत्या. ‘विरोधकांनी सापळा रचला आणि तो फसला’ एवढ्यावरच ही हकीकत सहसा संपवली जाते. प्रस्तुत अभ्यासात मला दाखवायचे आहे ते याच्या पुढचे : ठरावीक सीमेत बांधलेल्या, संख्येने लहान अशा मतदारवर्गापुढे उभे राहावे लागल्यामुळेच मॅडिसन यांना घटनादुरुस्तीचे जाहीर आश्वासन द्यावे लागले, आणि सनदेचा उगम शोधताना या आश्वासनाला अग्रस्थान दिले पाहिजे.

नियम ठरवण्याचा अधिकार

राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदाच्या चौथ्या कलमानुसार प्रतिनिधींच्या निवडणुकीची वेळ, स्थळ आणि पद्धत ठरवण्याचा अधिकार प्रथम राज्याच्या विधिमंडळाकडे आहे, आणि काँग्रेसला त्यात कायद्याने बदल करता येतो. राज्यात एकेक जागेचे मतदारसंघ पाडावेत की सर्व मतदारांनी सर्व जागांसाठी एकत्र मतदान करावे, याविषयी घटना काहीच सांगत नाही. त्यामुळे पहिल्याच निवडणुकीत जितकी राज्ये तितक्या तऱ्हा दिसल्या. मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क, व्हर्जिनिया आणि दोन्ही कॅरोलिना या राज्यांनी मतदारसंघ पाडले. पेनसिल्व्हेनिया, कनेक्टिकट, न्यू जर्सी आणि न्यू हॅम्पशायर यांनी संपूर्ण राज्य हाच एक मतदारसंघ मानला. मेरीलँड आणि जॉर्जिया यांनी मधली वाट काढली : उमेदवार ठरलेल्या विभागाचा रहिवासी असावा, पण मते साऱ्या राज्याने द्यावीत. मॅसॅच्युसेट्समध्ये स्पष्ट बहुमताची अट असल्याने एका मतदारसंघात पाच वेळा मतदान घ्यावे लागले, तेव्हा कोठे थिओडोर सेजविक निवडून आले.

या मोकळिकीचा गैरवापर होऊ शकतो, हे मॅडिसन यांनी आधीच ओळखले होते. 9 ऑगस्ट 1787 रोजी घटनापरिषदेत काँग्रेसच्या देखरेखीच्या अधिकाराचे समर्थन करताना त्यांनी सांगितले होते की मतदान तोंडी की लेखी, ते एका ठिकाणी की अनेक ठिकाणी, विभागवार की एकत्र, हे सारे विधिमंडळांच्या मर्जीवर राहील. आणि एखादी आवडती गोष्ट साधायची असेल तेव्हा विधिमंडळे आपल्या पसंतीच्या उमेदवारांना अनुकूल होतील असेच नियम घडवतील. सव्वा वर्षाने हा अनुभव त्यांच्या स्वतःच्या वाट्याला आला.

हेन्री यांचे विधिमंडळ

घटनेच्या मान्यतेसाठी भरलेल्या व्हर्जिनियाच्या परिषदेने 25 जून 1788 रोजी 89 विरुद्ध 79 मतांनी नव्या घटनेला मान्यता दिली. मॅडिसन हे मान्यतेच्या बाजूचे प्रमुख वक्ते होते, तर पॅट्रिक हेन्री हे विरोधकांचे नेते होते. परिषदेत हरलेल्या हेन्रींचा राज्याच्या विधिमंडळातील दरारा मात्र तसूभरही कमी झाला नव्हता. काँग्रेसच्या सिनेट या वरिष्ठ सभागृहाचे सदस्य त्या काळी राज्याचे विधिमंडळ निवडत असे. 8 नोव्हेंबरच्या निवडीत रिचर्ड हेन्री ली यांना 98, विल्यम ग्रेसन यांना 86 आणि मॅडिसन यांना 77 मते मिळाली. पहिले दोघे घटनेचे टीकाकार होते. घटना घडवण्यात ज्यांचा सर्वांत मोठा वाटा होता, त्यांना त्यांच्याच राज्याने सिनेटबाहेर ठेवले.

त्याच महिन्यात विधिमंडळाने प्रतिनिधिगृहाच्या निवडणुकीचा कायदा केला. व्हर्जिनियाच्या वाट्याला दहा जागा आल्या होत्या. इतक्या जागा दुसऱ्या कोणत्याच राज्याला नव्हत्या. त्यासाठी दहा मतदारसंघ पाडण्यात आले. मॅडिसन यांची ऑरेंज काउंटी पाचव्या मतदारसंघात गेली आणि तिच्याबरोबर कल्पेपर, अल्बेमार्ल, अ‍ॅमहर्स्ट, लुइझा, फ्लुव्हॅना, गूचलंड व स्पॉट्सिल्व्हेनिया या सात काउंट्या जोडण्यात आल्या. मान्यतेच्या परिषदेत या आठांपैकी ऑरेंज आणि अल्बेमार्ल यांचेच सर्व प्रतिनिधी घटनेच्या बाजूने होते. लुइझाचे दोन प्रतिनिधी दोन बाजूंना होते, आणि उरलेल्या पाच काउंट्यांनी विरोधात मत दिले होते. मॅडिसन यांचे मित्र संतापले ते याच हिशोबामुळे.

सोयीच्या सीमा आखण्याच्या या प्रकाराला ‘जेरीमँडर’ हे नाव पडले ते 1812 मध्ये, मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्यावरून. तरीही व्हर्जिनियाच्या या मतदारसंघाला अमेरिकेतला पहिला जेरीमँडर म्हणण्याची प्रथा पडली आहे. मला हा आरोप निम्माच पटतो. नकाशा पाहिला तर आठही काउंट्या अखंड आहेत, एकमेकींना लागून आहेत, आणि ब्लू रिज पर्वताच्या पायथ्यापासून पूर्वेला फ्रेडरिक्सबर्गपर्यंतचा हा सलग प्रदेश आहे. कोठे शेपूट काढलेले नाही, कोठे काउंटी चिरलेली नाही. शिवाय मध्य आणि दक्षिण व्हर्जिनियात घटनाविरोधकांचाच भरणा असल्याने ऑरेंज कोणत्याही दक्षिणेकडील शेजाऱ्यांना जोडली असती तरी जवळजवळ असेच चित्र निघाले असते. हेतू प्रतिकूल असू शकतो; आकृतीतून मात्र तो सिद्ध होत नाही.

खरा घाव कायद्याच्या दुसऱ्या तरतुदीत होता. उमेदवार त्या मतदारसंघात किमान बारा महिने राहणारा जमीनमालक असला पाहिजे, अशी अट घालण्यात आली. घटनेला उमेदवाराकडून एवढेच हवे होते की तो किमान पंचवीस वर्षांचा असावा, सात वर्षे नागरिक असावा आणि निवडणुकीच्या वेळी त्या राज्याचा रहिवासी असावा. मतदारसंघातील वास्तव्याची अट ही विधिमंडळाची भर होती. तिच्यामुळे ऑरेंज सोडून एखाद्या अनुकूल मतदारसंघात उभे राहण्याचा मॅडिसन यांचा मार्ग कायद्याने बंद झाला. अशी अट राज्यांना घालता येते का, हा प्रश्न 1807 मध्ये मेरीलँडच्या विल्यम मॅक्क्रीरी यांच्या निवडणुकीवरून प्रतिनिधिगृहापुढे आला. सभागृहाने मॅक्क्रीरी यांची जागा कायम ठेवली. घटनेतील पात्रतेच्या अटींत राज्यांना भर घालता येत नाही, या मताला त्यातून बळ मिळाले. 1788 मध्ये मात्र दाद मागायला नवी काँग्रेसच अस्तित्वात आली नव्हती.

मन्रो आणि आरोप

विरोधकांनी उमेदवार विचारपूर्वक निवडला. मन्रो तेव्हा तीस वर्षांचे होते आणि फ्रेडरिक्सबर्ग येथे वकिली करत होते. ट्रेंटनच्या लढाईत ते जखमी झाले होते, आणि नव्या घटनेपूर्वीच्या जुन्या काँग्रेसमध्येही त्यांनी काम केले होते. मान्यतेच्या परिषदेत त्यांनी घटनेच्या विरोधात मत दिले असले तरी त्यांचा विरोध टोकाचा नव्हता. केंद्राच्या थेट कर लावण्याच्या अधिकाराविषयी त्यांचे आक्षेप होते, आणि दुरुस्त्या आधी व्हाव्यात असे त्यांचे म्हणणे होते. सात वर्षांनी मोठे असलेले मॅडिसन त्यांचे स्नेही होते आणि पॅरिसमध्ये राजदूत असलेले टॉमस जेफरसन हे दोघांचेही मित्र होते.

मॅडिसन त्या हिवाळ्यात न्यूयॉर्कला होते आणि त्यांना मूळव्याधीचा त्रास होत होता. मते मागत फिरणे त्यांना मनापासून नावडत असे. तरीही तुम्ही आला नाहीत तर जागा गेलीच समजा, असे मित्रांनी पत्रांमागून पत्रांत कळवल्यावर ते डिसेंबरात दक्षिणेकडे निघाले. वाटेत माउंट व्हर्नन येथे जॉर्ज वॉशिंग्टन यांच्याकडे थांबून ते ऑरेंजला पोचले, तेव्हा त्यांच्याविषयी दोन गोष्टी सर्वत्र पसरलेल्या होत्या. नव्या घटनेत एका अक्षराचाही बदल त्यांना नको आहे, ही पहिली. सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याचे ते आता पाठीराखे राहिले नाहीत, ही दुसरी.

दुसरी वावडी या भागात विशेष घातक होती, कारण ऑरेंज आणि कल्पेपरमध्ये बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांची संख्या मोठी होती. क्रांतीपूर्वी व्हर्जिनियात अँग्लिकन चर्च हे राज्याचे अधिकृत चर्च असताना परवान्याविना प्रवचन केल्याच्या कारणावरून बाप्टिस्ट उपदेशकांना तुरुंगात टाकले जाई, आणि कल्पेपरच्या तुरुंगाने असे कित्येक उपदेशक पाहिले होते. शेजारच्या काउंटीत पाच-सहा सज्जन माणसे केवळ आपली धर्ममते मांडल्यामुळे कोठडीत आहेत, असे तेवीस वर्षांपेक्षाही लहान असलेल्या मॅडिसन यांनी जानेवारी 1774 मध्ये एका मित्राला चिडून लिहिले होते. पुढे 1776 च्या व्हर्जिनियाच्या हक्कांच्या जाहीरनाम्यात धर्माच्या बाबतीत केवळ ‘सहन करण्याची’ भाषा बदलून मुक्त आचरणाचा हक्क आणण्यात त्यांचा हात होता, आणि जेफरसन यांचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा 1786 मध्ये मंजूर झाला तो त्यांच्याच खटपटीने. बाप्टिस्टांना हे सारे ठाऊक होते. तरीही सरकारी पदांसाठी धार्मिक कसोटी लावण्यावरची बंदी सोडली तर केंद्र सरकारला धर्मात हात घालण्यापासून रोखणारे एकही वाक्य नव्या घटनेत नव्हते, आणि ज्यांनी तुरुंग पाहिला होता त्यांना पूर्वीच्या उपकारांपेक्षा पुढची हमी महत्त्वाची वाटली तर त्यात गैर काहीच नव्हते.

आश्वासन

मॅडिसन यांची आतापर्यंतची भूमिका अशी होती की हक्कांची सनद अनावश्यक आहे. कागदावरचे अडसर बहुमताच्या रेट्यापुढे टिकत नाहीत, आणि मान्यतेपूर्वी दुरुस्त्या मागणे म्हणजे सारी घटनाच धोक्यात घालणे होय. 2 जानेवारी 1789 रोजी त्यांनी जॉर्ज ईव्ह या बाप्टिस्ट धर्मोपदेशकांना सविस्तर पत्र लिहिले. त्यात त्यांनी आपली जुनी भूमिका लपवली नाही. घटना मान्य होण्यापूर्वी दुरुस्त्या मागणे घातक होते, असे त्यांनी पुन्हा सांगितले. परंतु आता परिस्थिती बदलली आहे, योग्य मार्गाने आणि माफक मर्यादेत केलेल्या दुरुस्त्यांमुळे काही बिघडणार नाही, उलट प्रामाणिक विरोधकांचे समाधान होईल. म्हणून पहिल्याच काँग्रेसने सर्व मूलभूत हक्कांसाठी, विशेषतः सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यासाठी, वृत्तपत्रांच्या स्वातंत्र्यासाठी आणि ज्यूरीपुढील खटल्यासाठी तरतुदी तयार करून राज्यांपुढे ठेवाव्यात, असे माझे प्रांजळ मत आहे, असे त्यांनी लिहिले. याच आशयाचे दुसरे एक पत्र वृत्तपत्रांत छापूनही आले. या पत्रांत मला मतांसाठी टाकलेली कोलांटउडी दिसत नाही. जेफरसन यांच्याशी सनदेविषयी त्यांचा पत्रव्यवहार चालूच होता आणि मत हळूहळू मवाळ होत होते. पण खासगी पत्रातला मवाळपणा आणि मतदारांपुढे नाव घालून दिलेला शब्द यांच्यात मोठे अंतर असते, आणि ते अंतर या मतदारसंघाने कापायला लावले.

पत्रांवर भागणार नव्हते. 14 जानेवारीला मॅडिसन यांनी वॉशिंग्टन यांना कळवले की ठरवले होते त्याहून बरेच पुढे जाऊन त्यांनी कल्पेपर आणि लुइझा या दोन काउंट्यांना स्वतः भेट दिली आणि अपप्रचाराचे जाहीर खंडन केले. यानंतर ते आणि मन्रो बरोबरीने सभांना जाऊ लागले. कल्पेपर काउंटीत जर्मन लुथरनांचे एक चर्च होते आणि तेथील लोक एकगठ्ठा मत देतात असा लौकिक होता. तेथील सभेची आठवण मॅडिसन यांनी उतारवयात सांगितली आहे. आधी उपासना झाली, मग दोन फिडलवर संगीत झाले, आणि ते आटोपल्यावर दोघा उमेदवारांनी लोकांना बाहेर बर्फात उभे करून घटनेतील मुद्द्यांवर वाद घातला. लोकांनी तो शांतपणे, एखादी झुंज पाहावी तसा, शेवटपर्यंत ऐकला. त्यानंतर मॅडिसन यांना रात्री बारा मैल घोड्यावरून जावे लागले आणि थंडीने त्यांचे नाक गोठले. त्याचा व्रण ते म्हातारपणीही दाखवत असत. घटनेतील मुद्द्यांवर बर्फात उभे राहून तासन्‌तास ऐकणारे शेतकरी आणि त्यांच्यापुढे उत्तरे देणारे दोन भावी राष्ट्राध्यक्ष, हे दृश्य मला त्या काळातील कोणत्याही सभागृहाच्या इतिवृत्तापेक्षा अधिक बोलके वाटते.

मतदान आणि आकडे

मतदान प्रत्येक काउंटीच्या कोर्टहाऊसमध्ये शेरीफच्या देखरेखीखाली आणि तोंडी होत असे. मतदार पुढे येई, सर्वांसमक्ष उमेदवाराचे नाव उच्चारी आणि ते नोंदवले जाई. कोणी कोणाला मत दिले हे गावाला कळत असे. धर्मगुरू, सावकार आणि शेजारी यांच्या साक्षीने ते द्यावे लागे. हक्क होता तो घर असलेली पंचवीस एकर किंवा मोकळी पन्नास एकर जमीन बाळगणाऱ्या गोऱ्या पुरुषांना, तसेच शहरात घर असलेल्यांना. स्त्रिया, भूमिहीन आणि गुलाम यांना मत नव्हते. 1790 च्या जनगणनेत व्हर्जिनियाच्या 7,47,610 लोकसंख्येपैकी 2,92,627 लोक गुलाम होते. जागांच्या वाटपात त्यांची तीन-पंचमांश गणना होऊन राज्याचे वजन वाढत होते. मॅडिसन कुटुंबाच्या माँटपेलियर येथील मळ्यावरही गुलामच राबत होते. मूलभूत हक्कांवरची ही निवडणूक अशा मर्यादित मतदारवर्गात झाली, हे नजरेआड करून तिचे मोल ठरवता येणार नाही.

काउंटीनिहाय आकडे उपलब्ध आहेत आणि ते बारकाईने पाहण्याजोगे आहेत. पहिला आकडा मॅडिसन यांचा, दुसरा मन्रो यांचा : ऑरेंज 216 आणि 9, कल्पेपर 256 आणि 103, लुइझा 228 आणि 124, अल्बेमार्ल 174 आणि 105, गूचलंड 132 आणि 133, फ्लुव्हॅना 42 आणि 63, स्पॉट्सिल्व्हेनिया 115 आणि 189, अ‍ॅमहर्स्ट 145 आणि 246.

ऑरेंजचा एकतर्फी कौल अपेक्षितच होता, आणि मन्रो यांना स्पॉट्सिल्व्हेनियात मिळालेली आघाडीही तशीच. विचार करायला लावते ते कल्पेपर. तिच्या दोन्ही प्रतिनिधींनी सुमारे सात महिन्यांपूर्वी घटनेच्या विरोधात मत दिले होते, आणि त्याच काउंटीने मॅडिसन यांना 153 मतांची आघाडी दिली. ऑरेंज आणि कल्पेपर वगळून उरलेल्या सहा काउंट्यांची बेरीज केली तर मन्रो 860 विरुद्ध 836 असे पुढे होते. परिषदेत दुभंगलेल्या लुइझानेही 104 मतांची आघाडी दिली. ज्या दोन काउंट्यांना स्वतः जाऊन आल्याचे मॅडिसन यांनी वॉशिंग्टन यांना कळवले होते त्या याच दोन. त्यांची मिळून आघाडी 257 होते, आणि एकूण विजय 336 मतांचा होता. केवळ आकड्यांवरून बाप्टिस्टांची मते वेगळी काढता येत नाहीत, आणि घरोघरची ओळख, मित्रांची खटपट यांचाही त्यात वाटा असणारच. पण परिषदेतील मतांवरून या मतदारसंघाचे भाकीत करणारे चुकले ते येथे : काउंटीने घटनेला विरोध केला याचा अर्थ तिला घटना नकोच होती असा नव्हता, तिच्यातील पुष्कळांना हमी हवी होती, आणि ती देणारा विश्वासू माणूस मिळाल्यावर त्यांनी मत दिले.

राज्यभरही असेच घडले. घटनाविरोधी बहुमत असलेल्या विधिमंडळाने पाडलेल्या दहा मतदारसंघांतून सात प्रतिनिधी घटनेचे समर्थक निवडून आले.

मार्चच्या अखेरीस मॅडिसन यांनी जेफरसन यांना लिहिले की मन्रो यांच्याशी सामना करावा लागला हे दुर्दैव खरे, पण राजकीय मतभेद आणि वैयक्तिक नाते यांतला फरक दोघांनी कायम पाळल्यामुळे मैत्रीला जराही उणेपणा आला नाही. मन्रो 1790 मध्ये सिनेटवर गेले, आणि 1811 मध्ये मॅडिसन यांच्याच मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री झाले.

शब्दाची पूर्तता

8 जून 1789 रोजी मॅडिसन यांनी प्रतिनिधिगृहात घटनादुरुस्त्यांचा प्रस्ताव मांडला. महसूल, न्यायालये आणि प्रशासन यांची घडी बसायची असताना हे काय मध्येच, असे त्यांच्याच बाजूच्या अनेक सदस्यांचे म्हणणे होते. मॅडिसन हटले नाहीत. प्रस्ताव लांबणीवर पडला की ते पुन्हा उभे राहत. राज्यांनीही सद्सद्विवेकबुद्धीच्या समान हक्कांवर, वृत्तपत्रस्वातंत्र्यावर आणि फौजदारी खटल्यातील ज्यूरीवर गदा आणू नये, अशी एक दुरुस्ती त्यांनी सुचवली होती. साऱ्या यादीत ती त्यांना सर्वांत मोलाची वाटत होती, आणि सिनेटने नेमकी तीच गाळली. ईव्ह यांना लिहिलेल्या पत्रातील शब्दांपलीकडेही ते गेले होते, याचा हा पुरावा आहे.

25 सप्टेंबरला काँग्रेसने बारा दुरुस्त्या राज्यांकडे पाठवल्या. नोव्हेंबर 1788 मध्ये मॅडिसन यांना मागे टाकून सिनेटवर गेलेल्या ली आणि ग्रेसन यांनी लगेच व्हर्जिनियाच्या विधिमंडळाला कळवले की या दुरुस्त्या अपुऱ्या आहेत. राज्याच्या सिनेटमध्ये धर्मस्वातंत्र्याच्या दुरुस्तीवरही ती पुरेशी कडक नाही असा आक्षेप घेतला गेला, आणि मान्यता दोन वर्षे अडून राहिली. अखेर 15 डिसेंबर 1791 रोजी व्हर्जिनियाने संमती दिली, आणि तिच्या संमतीने आवश्यक राज्यांची संख्या पुरी होऊन बारांपैकी दहा दुरुस्त्या घटनेचा भाग झाल्या.